पेटीवाल्या मावशीची दोन कणसं

चहाचा ट्रे धरून मावशी दाराबाहेर ताटकळत होती. आत साहेब आणि प्रयोगशाळेच्या बाई कडाकडा भांडत होते.

"लोकांना घाबरवू नका, बाई!"

"आणि तुम्ही झोपवू नका! मक्याच्या जनुकात बदल केलाय, तपासणी झालीय, परवानगी मिळालीय. एवढं सरळ सांगायला जीभ झिजते?"

चहा निवला. शिकलेली माणसंही घरच्यासारखीच भांडतात, फक्त शब्द जड वापरतात, हे मावशीला त्या दिवशी कळलं.

अन्नाची माहिती देणाऱ्या त्या कचेरीत मावशी पेटी वाहायची. शाळा दुसरीपर्यंत, जीभ मात्र पदवीधर. पेटीत मक्याची दोन कणसं, एक साधं, एक जनुक बदललेलं. दोन्हींना दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. साहेब ती सभेत उंच धरायचे आणि लोक जांभया द्यायचे.

एका सकाळी पेटी पुसताना दोन्ही चिठ्ठ्या सुटल्या. मावशीने त्या अंदाजाने बांधल्या आणि पेटी तशीच सभेला नेली.

सभेत साहेबांनी विचारलं, "दिसतोय ना फरक?"

"दिसतोय की! ते बदललेलं जरा सुजलंय," पुढच्या रांगेतली एक आजी म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

बोलावं तर नोकरी जाणार, आणि घर तर तिच्या एकटीच्या पगारावर. पण हे धादांत खोटं तिला पचेना.

"कसली सूज, आजी! चिठ्ठ्या मी अंदाजाने बांधल्यात. कुठलं कणीस कुठलं, मलाच ठाऊक नाही."

साहेबांचा चेहरा पडला. सभागृह खो-खो हसलं.

"मग गं, आम्ही ओळखायचं कसं?" आजीने विचारलं.

"डोळ्यांनी नाहीच ओळखता येत! म्हणून तर तपासणी, म्हणून पाकिटावर छापायचा नियम. छापलंय म्हणजे विष नाही, आणि पाकीट चकचकीत म्हणजे अमृत नाही. वाचायचं. शंका आली तर कचेरीत विचारायचं."

मग तासभर प्रश्न संपेनात. सभेत पहिल्यांदाच कुणी घोरलं नाही, म्हणून साहेबांनी नोकरी ठेवली. अट एकच घातली. प्रत्येक सभेआधी दोन्ही कणसांचे दाणे प्रयोगशाळेत तपासून चिठ्ठीवर शिक्का आणायचा.

अकरा वर्षं मावशीने ते केलं. निवृत्तीच्या दिवशीही कणसं घेऊन प्रयोगशाळेत आली.

"आज राहू दे गं," बाई म्हणाल्या. "शेवटचा दिवस, तुझ्यावर विश्वास आहे."

"माझ्यावर ठेवाल हो, पण मक्यावर?"

दाणे काढून दिले, बाकावर बसली, डुलकीही काढली. शिक्के आले तशा तिने चिठ्ठ्या घट्ट बांधल्या, पेटी कडेवर घेतली आणि सभेला निघाली.