बहात्तर नंबरची सुलटी बाही

वेल्बी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातलं गावात तिघांनाच कळतं असं मानतात. पहिले कोच ट्वेट, कारण त्यांना त्याचा पगार मिळतो. दुसरा रेडिओवरचा मर्ल, कारण माइक त्याच्या हातात असतो. आणि तिसरी ऑर्डिस लुंड, कारण ती संघाचे कपडे धुते.

व्यायामशाळेच्या तळघरात तेवीस वर्षं ती हेच करते आहे. नव्वद पोरं, जाळीच्या नव्वद पिशव्या, प्रत्येक पिशवीवर नंबर. दुसऱ्या कॉलेजांत म्हणे पिशवीचं तोंड बांधून ती तशीच मशीनमध्ये ढकलतात. ऑर्डिस प्रत्येक पिशवी उघडते. बोळे सोडवल्याशिवाय ऑगस्टचा घाम निघत नाही, असं तिचं म्हणणं. आणि बोळे सोडवता सोडवता ती संघ वाचते. पँटच्या गुडघ्यांवर हिरवे डाग म्हणजे पोरगा खाली वाकून, पाय रोवून झुंजतोय. पाठ हिरवी म्हणजे त्याला कुणीतरी रोज उताणा पाडतंय. किक मारणाऱ्याचे कपडे तर इतके स्वच्छ येतात, की ते धुवायचे की नुसती ख्यालीखुशाली विचारून परत पाठवायचे, हा तिला दरवर्षी प्रश्न पडतो.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी चर्चच्या हिरवळीवर मक्याचं जेवण असतं. हंडे भरभरून कणसं उकडतात, कॉफीच्या डब्यात लोणी वितळवून ठेवतात, कणीस त्यात बुडवायचं आणि हनुवटी पुसायची. मग संघाची पारख. कोच ट्वेट आधी उठतात. त्यांच्या संघात वाईट असं काही नसतंच. "आमच्याकडे ना मंडळी, शिकायला फार जागा आहे. फार म्हणजे फारच जागा आहे," असं ते दोन्ही हात पसरून सांगतात, आणि मागच्या रांगेतले म्हातारे ओळखतात की बचाव कोसळलेला आहे. मग मर्ल. तो रोज सकाळी डुकरांचे भाव सांगतो आणि त्याच चालीत संघही सांगतो. पळणारे दोन टक्क्यांनी वर, बचाव मंद, संध्याकाळी उत्तरेकडून वारे. आणि शेवटी ऑर्डिस उठते. तिची दोनच वाक्यं. एक जमेची बाजू, एक लंगडी बाजू. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी गमतीनं तिला उभं केलं होतं. ती म्हणाली होती, मागच्या फळीतल्या पोरांच्या पाठी फार हिरव्या आहेत. मोसमातले पहिले तीन सामने त्याच फळीमुळे हातचे गेले. तेव्हापासून गंमत संपली आणि लोक कणीस खाली ठेवून ऐकायला लागले.

तिचा एक नियम होता. संघाबद्दल बोलायचं, पोराबद्दल नाही. कुणाच्या खिशात कुणाची चिठ्ठी सापडली, कोण घरच्या आठवणीनं उशीच्या अभ्र्यात रडतो, हे साबणाबरोबर वाहून जायचं.

या वर्षी तो नियम तिला काचायला लागला, तो एका टी-शर्टमुळे.

खांद्यावरच्या पॅडच्या आत पोरं अंगाला चिकटणारा राखाडी टी-शर्ट घालतात. सरावानंतर तो ओला चिंब असतो, दोन्ही हात वर करून सोलावाच लागतो, आणि मग तो पूर्ण उलटा होऊन पिशवीत पडतो. नव्वदच्या नव्वद उलटे. ऑर्डिस ते सुलटे करते. त्या दिवशी बहात्तर नंबरचा टी-शर्ट हातात आला, तर उजवी बाही उलटी आणि डावी सुलटी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी डाव्या खांद्याला मलमाचा असा वास, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आठ दिवस ती बघत होती. ज्याचा डावा हात वर जात नाही, तो आधी चांगला हात सोडवतो, मग डोकं, आणि मग दुखऱ्या हातावरून बाही हलकेच खाली ओढून काढतो. ती बाही सुलटीच राहते.

बहात्तर नंबर म्हणजे कोल्बी स्टेनरूड. शेवटचं वर्ष. जागा डाव्या कडेची. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला हात मागे घेतो, तेव्हा डावीकडून कोण धावून येतंय ते त्याला दिसत नाही. ती आंधळी बाजू कोल्बीनं राखायची. कोल्बीनं तीन वर्षांत एकही सामना चुकवला नव्हता. यंदाचा क्वार्टरबॅक दुसऱ्या वर्षाचा, अंगानं काडी. त्या काडीवर दीडशे किलोचा गडी मागून आला तर काय होईल, हे कळायला लॉन्ड्रीत तेवीस वर्षं घालवायची गरज नव्हती.

गुरुवारी कोल्बी पिशवी टाकायला खाली आला तेव्हा तिनं टी-शर्ट टेबलावर पसरून ठेवला होता. एक बाही उलटी, एक सुलटी. त्याचे कान लाल होईपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"झोपताना जरा अवघडलाय," कोल्बी म्हणाला.

"आठ दिवस झोपलायस?"

मग त्यानं सांगितलं. सरावाच्या दुसऱ्याच दिवशी खांद्यात काहीतरी कट्कन वाजलं होतं. डॉक्टरला दाखवलं तर संघाबाहेर बसवतील. वडिलांनी यंदा पहिल्यांदा शनिवारच्या धारा काढायला माणूस ठेवलाय, का, तर पोराचे सगळे सामने बघायचे म्हणून. आयुष्यात वडिलांनी कधी गाईंना सुट्टी सांगितली नव्हती. त्यांना आता काय सांगू?

"तुम्ही कुणाला सांगू नका, ऑर्डिस. एवढं करा."

ती म्हणाली, ती सांगत नसतेच. पण शनिवारी तिला उभं राहायचं होतं आणि लंगडी बाजू विचारली जाणार होती. तिथं खोटं कसं बोलू? कोल्बी जायला वळला, दारात थांबला, आणि त्या पोराला जे दिसायला नको होतं नेमकं तेच दिसलं.

"तुम्ही तरी कुठे सांगता?" तो म्हणाला. "मे महिन्यापासून मशीन डाव्या हातानं भरताय. ॲप्रनची गाठसुद्धा पुढे बांधून मग फिरवून मागे नेता. मला कळत नाही होय?"

तो गेल्यावर ऑर्डिसनं ॲप्रनकडे बघितलं. गाठ आज मागे फिरवायची राहिली होती, पोटावरच होती.

रात्रीच्या जेवणाला तिनं नवऱ्याला, गॉर्डीला, सगळं सांगितलं. फक्त कोल्बीचं नाव सांगितलं नाही आणि स्वतःचंही नाही. त्यामुळे सांगण्यासारखं फारसं उरलंच नाही. गॉर्डी "हं" म्हणाला. गॉर्डीचे तीन हं आहेत. एक आखूड, म्हणजे ऐकलं. एक लांब, म्हणजे ऐकलं पण पटलं नाही. आणि एक नाकातून, म्हणजे ओव्हनमधली हॉटडिश अजून आहे का. हा लांबवाला होता. मग तो म्हणाला की खांद्याला लावायचं मलम संपत आलंय, येताना आणू का. ती दचकली. तो हॉटडिश वाढून घेत होता.

शनिवारी हिरवळीवर चारशे माणसं. वेल्बीत चारशे माणसांसमोर कुणी स्वतःबद्दल बोलत नाही. शेत वाहून गेलं तरी म्हणायचं, याहून वाईट बघितलंय. पोरीला पहिला नंबर मिळाला तर म्हणायचं, वाईट नाही. ताटातली शेवटची वडी कुणी उचलत नाही; आधी अर्धी करतात, मग पाव करतात, मग तो पाव तुकडा सगळ्यांकडे बघत तसाच बसतो. अशा गावात कोच हात पसरून बसले, मर्लनं उत्तरेकडचे वारे सांगून टाकले, आणि ऑर्डिस उठली. कोल्बी तिसऱ्या टेबलाशी आईवडिलांमध्ये बसला होता. त्याचे वडील ड्वेन, स्वच्छ टोपी घालून, उजव्या हाताला वितळलेल्या लोण्याचा डबा.

"जमेची बाजू, गुडघे," ती म्हणाली. "इतके हिरवे गुडघे मी तेवीस वर्षांत धुतले नाहीत."

लोक माना डोलवायला लागले. कोल्बी कणसाकडे बघत होता.

"लंगडी बाजू, खांदा."

कोल्बीनं कणीस खाली ठेवलं.

"माझा," ऑर्डिस म्हणाली. "उजवा. मेपासून वर जात नाही. कामावरून काढतील म्हणून कुणाला सांगितलं नाही. एका हातानं काम उरकेना, म्हणून गेल्या आठवड्यात तीन पिशव्या न उघडताच धुतल्या. त्या तीन पोरांच्या अंगावर पुरळ आलंय. खांदा माझा होता, आणि खाज त्यांना सुटली. सोमवारी डॉक्टरकडे जाते. आधीच जायला हवं होतं."

आणि ती बसली. कोल्बीकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

हिरवळीवर कुणाला नजर कुठे ठेवावी कळेना. चारशे माणसं कणसांचे दाणे मोजत बसली. मर्लच्या हातात माइक होता आणि तरी तो गप्प होता, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं. मग गॉर्डी तिच्याशेजारी हं म्हणाला. हा चौथा होता. तो तिनं आधी ऐकला नव्हता. त्यानं समोरच्या ताटात उरलेला वडीचा पाव तुकडा उचलून तिच्या बशीत ठेवला, सगळ्यांदेखत, अर्धा न करता.

सोमवारी डॉक्टरनं तिचा हात वर करून बघितला, मग ती ओरडली, मग त्यानं सहा आठवडे काही उचलायचं नाही म्हणून सांगितलं. तिला कुणी काढलं नाही; कोच ट्वेट स्वतः सांगायला आले की इथे शिकायला फार जागा आहे, आणि उद्यापासून उचलायला माणूस देतो. संध्याकाळी पिशव्या आल्या. बहात्तर नंबरची उघडली तर आत टॉवेल आणि मोजे. टी-शर्ट नव्हता.

मंगळवारी तो उचलायला दिलेला माणूस खाली आला. कोल्बी. डावा हात झोळीत.

"चार आठवडे," तो म्हणाला. "नीट राहिलो तर ऑक्टोबरात खेळेन."

"वडील काय म्हणाले?"

"बरं म्हणाले. मग गोठ्यात गेले. मग अर्ध्या तासानं परत आले आणि म्हणाले, सामन्यांना येतोच. तू उभा असलास काय, बसलेला असलास काय."

ऑर्डिसनं टॉवेल काढले. तिचा डावा हात, त्याचा उजवा. मोठा टॉवेल दोघांनी मिळून ताणला, घडी घातली, पुन्हा घातली. दोन माणसांना मिळून दोनच हात, आणि घडी मात्र तिच्या एकटीच्या दोन हातांपेक्षा सरळ आली, हे तिनं त्याला सांगितलं नाही.

डाव्या कडेला आता चौसष्ट नंबर होता, एमेट नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा. त्याची पिशवी उघडली आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सरावाची पांढरी जर्सी पाठीला मानेपासून खालपर्यंत सलग हिरवी. त्या पोरानं दिवसभर आकाशच पाहिलं असावं. "उंच उभा राहतो," कोल्बी म्हणाला. "वाकतच नाही." आणि बुधवारी सराव संपल्यावर तो वर मैदानात गेला. तळघराच्या खिडकीतून ऑर्डिसला फक्त पायच दिसायचे. दोन पाय स्थिर, दोन पाय धडपडणारे, आणि कोल्बीचा आवाज. आणखी खाली. अजून. बसतोयस कशाला, वाक. पुन्हा.

शुक्रवारी, पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, कोच ट्वेट जिन्यावरून खाली आले. असे ते सहसा येत नसत; आले की साबणाच्या डब्यांची चौकशी करत. त्यांनी साबणाच्या डब्यांची चौकशी केली. मग टोपी काढून पुन्हा घातली.

"डावीकडचं काय?" त्यांनी विचारलं.

ऑर्डिसनं चौसष्ट नंबरची पिशवी उघडली. जर्सीची पाठ अजून हिरवी होती, पण मधे मधे आता पांढरं दिसत होतं. तिनं पँट झटकून टेबलावर पसरली. दोन्ही गुडघे हिरवेगार, चिखल धाग्यांत आतवर शिरलेला, दोनदा भिजवल्याशिवाय निघणार नाही असा. कोल्बी मशीनशी पाठमोरा उभा होता आणि बटणं दाबायचं सोडून ऐकत होता.

"वाईट नाही," ती म्हणाली.

कोच ट्वेटनी ते ऐकलं, एकदा मान डोलवली, आणि पन्नाशीचा तो माणूस दोन दोन पायऱ्या एकदम चढत वर गेला. कोल्बी अजून पाठमोराच होता. ऑर्डिसनं त्याला थोडा वेळ तसंच उभं राहू दिलं आणि मग गुडघे भिजवायला गार पाणी सोड म्हणून सांगितलं.