बळीरामचा लाकडी भोंगा

कोन गावच्या बळीरामला लोक हट्टी म्हणतात, ते काही खोटं नाही. बाजारातला कर्णा त्याला कधी पसंतच पडला नाही. सागाच्या पट्ट्या चिकटवून तो आपले भोंगे आपणच बनवतो आणि लग्नाकार्यात लावतो. तोंड किती पसरट, घसा किती अरुंद, सगळं कानाने ठरवायचं. कान त्याचा आणि आवाज बायकोचा. रंभावहिनी धवळारीण, म्हणजे हळदीला-लग्नाला धवळे गाणाऱ्या. नवा भोंगा आधी त्यांच्या आवाजावर पारखला जाई. त्यातून त्यांचा आवाज भरदार यायचा, गुळाच्या पाकात घोळल्यासारखा. आम्ही शेजारी माना डोलवायचो. आमचं काय जातंय!

यंदा पुतणी मनिषाचं लग्न ठरलं आणि वहिनींनी सांगून टाकलं, "गाईन, पण माईकवर नाय."

बळीरामच्या तोंडचं पाणी पळालं. घरचं लग्न, घरचा भोंगा, आणि घरचीच गाणारी नाही म्हणते! भोंग्यातच खोट असणार, असं धरून त्याने खारघरच्या सत्यजीतला बोलावलं. हा इंजिनीअर, बळीरामकडून हौसेने भोंगे घेणारा. त्याने लॅपटॉपवर आवाज मोजला.

"काका, या अरुंद घशात आवाज फुगतोय. ऐकायला गोड लागतो, पण मूळचा तसा नाही. आवडत असेल तर राहू द्या."

बळीरामने रागारागाने एका भोंग्याचा घसा कापून मोकळा केला आणि वहिनींपुढे माईक धरला.

आवाज पातळ आला, खरखरीत, टोकाला कापरा. मला वाईट वाटलं. वहिनी मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत गात राहिल्या.

"यो नको," बळीराम म्हणाला. "जुनाच लावतो. तुजा आवाज बिघडवला यानं."

"बिघडवला नाय. माजा आवाज असाच हाय. तुमच्या भोंग्यातून गाते त्या बाईला मी वळखत नाय. मनिषाला मी वाढवली, तिच्या लग्नात तरी मी गाईन." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमाला माजा आवाज कदी आवडलाच नाय."

 

लग्नात बळीरामने कापलेलाच भोंगा बांधला. वहिनी गायला लागल्या तशा बायका कुजबुजल्या, रंभाचा आवाज पार बसला की! मागून कोणीतरी ओरडलं, "बळीरामभाऊ, जरा बारीक करा!"

त्याने आवाज वाढवला. चेहरा मात्र कडू काढा प्यायल्यासारखा होता. तो आवाज त्याला अजूनही आवडला नव्हता.