टाचणीमावशीचं शेवटचं पान

टाचणीमावशी बोलताना ओठ फारसे उघडायची नाही, कारण दिवसभर तिच्या तोंडात दोन-तीन टाचण्या असायच्या. त्यामुळे तिचं साधं बोलणंही टोचरं वाटायचं. बायका म्हणायच्या, "मावशी, आधी टाचण्या काढ, मग आमची खोड काढ."

घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं, कापड बेतायचं लांब मेज होतं, आणि मापं घ्यायला पलीकडे एक लहानशी खोली होती. तिचं दार ती नेहमी लावून घ्यायची. आत ऐकलेलं बाहेर जात नसे, हा तिचा लौकिक.

दुसरा लौकिक लिहिण्याचा. चर्चच्या मासिकाचं शेवटचं पान अठरा वर्षं तीच लिहीत होती. पहिल्या पानावर पाळकांचं प्रवचन असायचं, पण मंडळी मासिक मागूनच उघडायची. खुद्द पाळकसुद्धा. विषय तिचे घरगुतीच. हरवलेलं बटण आणि हरवलेलं मेंढरू यांतलं देवाला आधी कोणतं सापडत असेल? दुसऱ्याच्या पोराचं कौतुक करताना आपलाच जबडा का दुखतो? बेतायच्या मेजावर, अंगठ्याएवढ्या पेन्सिलीनं, ती वहीच्या कागदाच्या दोन्ही बाजूंना लिहायची आणि पहिल्या बाजूच्या तळाशी न चुकता 'मागे पाहा' असं घालायची. छापखान्यातला माणूस सांगितलं तेवढं करायचा. स्वतःचं डोकं चालवल्याचा आरोप त्याच्यावर कुणी केला नसता.

त्या महिन्यात गायकमंडळाचे चौदा नवे झगे तिच्याकडे शिवायला होते. मापाच्या कागदावर ती कधी नाव लिहीत नसे. कागद कुठेही उडतो, बाईमाणसाच्या कमरेचा आकडा नावासकट उडू नये, एवढाच हिशेब. म्हणून ती जागा लिहायची. पहिली रांग, डावीकडून दुसरी. मागची रांग, कोपरा. गायकमंडळ वर्षानुवर्षं त्याच जागांवर उभं राहत होतं, त्यामुळे घोटाळा होत नसे.

झगे शुक्रवारी पोचते झाले. शनिवारी सकाळी मासिक आलं, आणि चहा पिता पिता नवरा खो खो हसायला लागला.

"अगं, या वेळचं झकास जमलंय!"

"तुम्हाला? माझं? चहात काय पडलंय?"

"ऐक तर. 'खरी माया बोलून दाखवत नाही. मग ती करते तरी काय?' आणि पुढे," त्यानं चष्मा सरळ केला, "'पहिली रांग, डावीकडून पाचवा. पोट चार बोटं वाढलंय, त्याला वाटतं दोनच. चार धरणे, दोन सांगणे. मागची रांग, तिसरा. बायको गेल्यापासून बटणं तुटकी. बटणं नकोतच, डोक्यातून घालायचा करणे. पहिली रांग, डावीकडून दुसरी. उजवा खांदा दीड बोट उतरलाय. आतून गादी घालणे. बोलायचं नाही.' कसं सुचतं गं तुला?"

मावशीच्या तोंडातल्या टाचण्या बशीत पडल्या.

तिनं वाकून यंत्राखाली पाहिलं. लेखाचा दुसरा कागद तिथेच होता, दोऱ्याच्या गुंत्यात. लेखाची सुरुवात तिनं झगे बेतून झाल्यावर मापांच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर लिहिली होती, आणि तळाशी हातानं सवयीनं लिहून टाकलं होतं, 'मागे पाहा'. छापखान्यानं इमानेइतबारे मागे पाहिलं होतं.

"अहो, हे लिहिलेलं नाही. ही मापं आहेत!"

"मग काय झालं? नावं कुठे आहेत?"

"उद्या गायकमंडळ उभं राहिलं की शेंबडं पोरसुद्धा बोटानं मोजेल!"

डावीकडून दुसरी म्हणजे बाई. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आता गायकमंडळ त्याच चालवायच्या. दोन वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा खांदा उतरला होता. शाल कधी खांद्यावरून ढळू द्यायच्या नाहीत. ते गुपित फक्त मावशीला माहीत होतं, त्या लहान खोलीत, दार लावल्यावर सांगितलेलं. "हे या चार भिंतींत राहू दे," एवढंच म्हणाल्या होत्या. तीस वर्षांची मैत्री होती, आणि ती आता साडेतीनशे प्रतींत छापून घरोघर गेली होती.

मावशी चपला अडकवून बाईंच्या घरी गेली. कुलूप. शेजारीण म्हणाली, "हातात मासिक घेऊन तरातरा चर्चमध्ये गेल्या. सगळ्या गायकांना बोलावलंय म्हणे."

चर्चच्या दारापर्यंत मावशी पोचली. आतून बाईंचा शाळेतला आवाज येत होता. "तू इकडे! तू तिकडे! हसायचं काय त्यात?" मावशीनं दाराच्या कडीवरचा हात काढून घेतला. ती तशीच परतली.

"आत जाऊन सांगायचंस ना," नवरा म्हणाला.

"काय सांगू? कागद चुकला म्हणून? लिहिलेलं तर खरंच आहे."

त्या दिवशी तिनं प्रार्थनाही आखूडच केली. प्रभू, तू आंधळ्यांना दृष्टी दिलीस. उद्या तासभर जरा उलट करता येईल का?

रविवारी मंडळी काखेत मासिक मारून आली होती. मावशी खांबाआड बसली. गायकमंडळ नव्या झग्यांत आत आलं, आणि चर्चभर माना लांब झाल्या.

डावीकडून दुसरा होता टपालवाला. सहा फूट उंच, कपाटासारखे खांदे. पाचव्या जागी वाऱ्यानं उडेल अशी ग्रंथपाल. बाई मागच्या रांगेत कुठेतरी मधेच. एकही माणूस आपल्या जागेवर नव्हता. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं, मासिक तिरकं धरून पाहिलं आणि शेवटी घडी घालून खिशात टाकलं.

जागा बदलल्यामुळे पहिल्या कडव्याचा पार बोऱ्या वाजला. जाड आवाज कोवळ्या आवाजांच्या मधे अडकले होते, दोघं हसू दाबत होते. तिसऱ्या कडव्याला सूर लागला. तोवर मावशीचा रुमाल भिजला होता.

उपासना संपल्यावर बाई सरळ खांबापाशीच आल्या.

"बाई, मी..."

"आज टाचण्या नाहीत, तरी तोंड उघडेना?"

"दुसरा कागद यंत्राखाली राहिला हो."

"ते पहिल्याच ओळीला कळलं मला. काल दोन तास सगळ्यांना इकडून तिकडे फिरवलं. टपालवाला म्हणतो, म्हणाल तर मीही दीड बोट खांदा पाडून उभा राहतो."

"म्हणजे त्यांना कळलं?"

"मीच सांगितलं." बाईंनी एक सुस्कारा सोडला. "दोन वर्षं ती शाल सांभाळतेय मी. हात भरून यायचा. सगळ्यांनी ऐकून घेतलं, आणि मग ते चार बोटं पोट कुणाचं यावर भांडायला लागले. तिघं शपथेवर सांगतायत, माझं नव्हे."

आता कुठे मावशीच्या लक्षात आलं, बाईंच्या खांद्यावर शालच नव्हती.

"गादी जरा पुढे सरकलीये गं," बाई खांदा हलवत म्हणाल्या. "उद्या येते नीट करायला."

"या ना. मी खोली आवरून ठेवते, दार लावलं की..."

"दार राहू दे उघडं," बाई म्हणाल्या. "फार उकडतं आत."