मोठ्या घरची मयत

नवापुरात अंडी उबवायची यंत्रं दुरुस्त करणारं एक दुकान शनिवारी बंद असायचं. बाजारातल्या लोकांनी त्यावरून आपापल्या परीने अर्थ लावला होता. समोरचा किराणावाला दुकानदाराला म्हणायचा, "काका, तुमनं शनिमहाराजवर भलतं मन शे." काका हसून घ्यायचे. ते मूळचे अलिबागकडचे यहूदी. पूर्वी त्यांच्या घरात तेलाचा घाणा होता, शनिवारी तो थांबायचा, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली हे नाव दिलं होतं. "तिकडे तेली, इकडे शनीचा भक्त," काका म्हणायचे. "शनिवार काही आमचा पिच्छा सोडत नाही."

पोल्ट्रीच्या कामासाठी ते इथे आले आणि इथेच राहिले. पोटी मूल नव्हतं. घरी ते आणि काकू.

माझी त्यांची ओळख वडिलांमुळे. वडील आमच्या ख्रिस्ती मंडळीतले वडीलजन, म्हणजे कारभार पाहणारे. शेती करून उरलेला वेळ ते धर्माची पत्रकं वाटण्यात घालवत. आठवडी बाजार, एसटी स्टँड, दवाखान्याची पायरी, कुठेही. शाळेत जाण्याआधी मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. आमच्या घरात बोली वेगळी, मराठी ही पुस्तकाची आणि पाळकांची भाषा. त्यामुळे लिहिलेली मराठी म्हणजे कुणाला तरी काहीतरी ठणकावून सांगणारी, अशीच माझी बरीच वर्षं समजूत होती. माझ्या लिहिण्यात ती खोड अजून आहे.

काका प्रत्येक नवं पत्रक मागून घेत. चष्मा पुसत विचारत, "बघू, आमच्याबद्दल काय नवीन?" बहुतेक वेळा असायचंच काहीतरी. इस्राएल ही निवडलेली प्रजा, इस्राएल परत आपल्या देशात आली, शेवटचा काळ जवळ आला. काका शेवटपर्यंत वाचत, घडी घालून खिशात ठेवत. एकदा त्यांनी वडिलांना विचारलं, "माझा भाऊ तिकडे राहतो, म्हणून मला त्या देशाची काळजी. तुम्हाला कशाला?"

वडिलांनी आमच्या पद्धतीने उत्तर दिलं. आमच्या जमातीत थोरल्या भावाच्या घराला मोठं घर म्हणतात. नवा तांदूळ आधी तिथे शिजतो, मग धाकट्यांच्या चुली पेटतात. "देवाचं वचन आधी तुमच्याकडे आलं," वडील म्हणाले. "तुम्ही मोठं घर."

काकांनी मान हलवली. त्या दिवशी आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. वडील म्हणाले, बघ, मोठ्या घरासारखे वागले.

हे सगळं तिकडच्या युद्धाच्या आधीचं. युद्ध सुरू झालं आणि त्या शब्दाला दोन तोंडं फुटली. पवित्र शास्त्रातला इस्राएल आणि बातम्यांतला इस्रायल. मंडळीतल्या तरुणांना ते दोन्ही एकच वाटत. उन्हाळ्यातल्या सभांसाठी गुजरातकडून एक पाहुणे उपदेशक आले. त्यांनी मंडपात त्या देशाचा झेंडा लावला आणि जो इस्राएलला आशीर्वाद देईल त्याला आशीर्वाद मिळेल यावर तीन संध्याकाळी बोलले. पाळकांनी मला त्याच विषयावर पत्रक लिहायला सांगितलं. मी लिहिलं, पण त्यात दोन गोष्टी घातल्या. एक, ज्या लोकांना आपण थोरला भाऊ म्हणतो त्यांचा ख्रिस्ती राजांनी आणि ख्रिस्ती गर्दीने शेकडो वर्षं छळ केला, त्यांची वस्ती जाळली, त्यांना हाकलून दिलं. हे आमच्या एकाही पत्रकात मी वाचलेलं नव्हतं. दुसरी, नातं मानणं म्हणजे त्या सरकारच्या प्रत्येक बॉम्बला आमेन म्हणणं नव्हे. तिकडे सायरन वाजला की काकूंचा दीर जिन्याखाली जाऊन बसतो आणि सीमेच्या पलीकडे आया मुलांना ढिगाऱ्यातून काढतात. देव दोघांचंही ऐकतो, यावर माझा विश्वास आहे. पत्रक छापलं गेलं नाही.

सभा संपल्या त्याच आठवड्यात, शुक्रवारी पहाटे काका गेले.

काकू आमच्या दारात आल्या तेव्हा रडत नव्हत्या. सूर्य मावळला की शब्बाथ, शनिवारचा विसावा, लागतो, सांगत होत्या. मग शनिवारी मूठमाती देता येत नाही. त्यांची दफनभूमी ठाण्याला, ते फार दूर, ऊन असं. "आजच्या आज मातीत जायला हवेत," त्या वडिलांना म्हणाल्या. "आणि वर क्रूस नको. एवढंच मागते." सुरतेहून त्यांचा भाचा निघाला होता. बाकी त्यांचं माणूस जवळपास कुणी नव्हतं.

वडील सरळ पाळकांकडे गेले. मीही गेले. पाळक वाईट नाहीत. काकांच्या दुकानात तेही बसत. पण त्यांनी नियम सांगितला. दफनभूमी मंडळीची, बाप्तिस्मा नाही आणि क्रूसही नाही, असं तिथे आजवर कुणाला ठेवलेलं नाही. आज एकाला ठेवलं तर उद्या कुणाला नाही म्हणणार? प्रभूच्या नावाने प्रार्थना करू द्या, छोटा क्रूस लावू द्या, मग बघू, असं त्यांचं म्हणणं. माझ्या तोंडात मंडपातल्या झेंड्याबद्दल वाक्य तयार होतं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी ते गिळलं.

"पाळकसाहेब," वडील म्हणाले, "मोठ्या घरी मयत झाली तर धाकटं घर काय करतं?"

पाळकही आमच्याच जमातीतले. त्यांना उत्तर ठाऊक होतं. धाकटं घर खड्डा खणतं, पाणी भरतं, खांदा देतं आणि सांगतील तेवढंच करतं. तिथे आपला मान मागत नाही, आपला विधी चालवत नाही. पाळकांनी उठून दफनभूमीच्या फाटकाची किल्ली काढून दिली. म्हणाले, "कुंपणाजवळची जागा बघा. आणि मी येतो, पण प्रार्थनेचं पुस्तक आणत नाही."

तरुण पोरं कुदळी घेऊन आली. माती कडक होती, खाली मुरूम लागला, दुपार उलटली तरी कंबरेएवढंच झालं होतं. वडील सारखे सूर्याकडे बघत होते. भाचा पोहोचल्यावर त्याने काकांना अंघोळ घातली. आमच्या माणसांनी घागरी आणून दारात ठेवल्या आणि ती तिथेच थांबली.

काकांच्या घरातून निघताना दोघा पोरांनी मंडपातला झेंडा आणला, नीट इस्त्री करून. त्यांच्या मनात फक्त आदर होता. काकूंनी कापडाला हात लावून पाहिला. "हे तिकडे कधी गेले नाहीत रे," त्या म्हणाल्या. "बोलावत होता भाऊ, पण यांना इथलं काम सोडवेना. पांढरं कापड आहे तेवढं पुरे." पोरांनी झेंडा घडी करून ओट्यावर ठेवला.

खड्डा भरला तेव्हा ऊन तिरकं झालं होतं, पण होतं. भाच्याने छोट्या पुस्तकातून हिब्रूत काही वाचलं. पुढच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, म्हणाला, ती ठाण्यात आपल्या लोकांत म्हणू. एक पोरगा लगेच सगळ्यांकडे बघून म्हणाला, "दहाच्या वर आहोत की आम्ही."

काकू म्हणाल्या, "बाळा, त्या मोजणीत तुम्ही नाही." आवाज कडक नव्हता. पोराने मान खाली घातली. मला ते वाक्य लागलं; खोटं का बोलू? लहानपणापासून मी स्वतःला अब्राहामाची लेक म्हणवत आले होते.

मग काकूंनी वडिलांना विचारलं, "एक्क्याण्णवावं स्तोत्र येतं का तुमच्या लोकांना? मराठीत?"

येत होतं. आमच्यात ते पाठ नसलेला माणूस शोधावा लागेल. ताप आला, वीज कडाडली, कुणी सुरतेला कामाला निघालं की तेच. वडिलांनी सुरुवात केली आणि सगळे आपोआप आत शिरले. काकूही. त्यांचे शब्द कुठे कुठे वेगळे होते, पण ओळी बरोबर पडत होत्या. भाचा ओठ न हलवता ऐकत होता.

शेवटची ओळ झाली आणि तिथे गफलत झाली. आम्ही कुठलीही प्रार्थना येशूच्या नावाशिवाय संपवत नाही. जीभच तशी वळलेली. वडिलांच्या तोंडून "प्रभू" निघालं आणि ते थांबले. इतकी वर्षं सगळ्यांना पत्रकं वाटणारा माणूस अर्ध्या शब्दावर तोंड उघडं ठेवून उभा. मागची माणसंही तशीच थांबली. कुणाला पुढे कसं जायचं ते कळेना. पाळकांनी डोळे मिटून घेतले.

"आमेन," काकू म्हणाल्या.

मग आम्हाला म्हणता आलं.

काकू नंतर भाच्याकडे सुरतेला गेल्या. ईस्टरच्या आदल्या दिवशी आमच्याकडे सगळ्या कबरींना चुना लागतो आणि चुना वाळला की कोळशाने किंवा रंगाने क्रूस काढतात. पहिल्या वर्षी कुणीतरी प्रेमाने काकांच्या कबरीवरही काढला. वडिलांनी ओलं फडकं नेऊन तो पुसला, पुन्हा चुना दिला. तेव्हापासून ईस्टरच्या आदल्या दिवशी ते डबा बांधून सकाळीच दफनभूमीत जातात आणि कुंपणाजवळ बसून राहतात. रंगवणारी पोरं तिकडे वळली की हात वर करून सांगतात, "ह्याला फक्त चुना."