खाली मेडिकल, वर बंदिश

मेडिकलच्या धंद्यात एक बरं असतं. तारीख उलटलेला माल कंपनी परत घेते. पण वरच्या मजल्यावरच्या श्रीकांत डॉक्टरांचे किस्से वीस वर्षं माझ्याकडे साठतायत, ते कुणी परत घेत नाही. उलट परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, "भाऊ, गोळी नंतर द्या, आधी डॉक्टरांचं नवीन काय ते सांगा!" म्हटलं, आता हा माल काढलाच पाहिजे.

ओळख करून देतो. जळगावात आमची एक दुमजली इमारत. खाली माझं दुकान, वर डॉक्टरांचा दवाखाना आणि दहा खाटा. डॉक्टर एम.डी. मेडिसिन. शिवाय शास्त्रीय संगीतातले रचनाकार. म्हणजे हा माणूस आजच्या काळात, स्वतःच्या डोक्यातून, नव्या बंदिशी बांधतो. कुणी मागितलेल्या नसतानाही. मी पेटी वाजवतो, म्हणून मी त्यांचा साथीदार. ते कोपऱ्यावरच्या दुसऱ्या मेडिकलकडे पेशंट पाठवत नाहीत, म्हणून मी त्यांचा चाहताही!

*

डॉक्टरांचा कान भयंकर तयार. हे पेशंटचं दुर्दैव.

एकदा अमळनेरकडचे एक आबा आले. खोकून खोकून बेजार. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. मी गोळ्यांचं विचारायला वर गेलो होतो, मला हातानं थांबवून म्हणाले, "भाऊ, ऐक! डाव्या फुप्फुसात षड्ज लागलाय आणि उजव्यात गंधार. काय सुरेल घरघर आहे!"

आबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"डाक्टरसाहेब, माले खोकला शे. पह्यले छाती देखा, मंग सूर देखा!"

औषध लागू पडलं. आठ दिवसांनी आबा ठणठणीत होऊन आले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि जरा खट्टू होऊन म्हणाले, "गेला गंधार."

*

डॉक्टरांनी एकदा नवा राग तयार केला. चार महिने खपून. दवाखान्याला दोन दिवस सुट्टी देऊन. मग जाणकार म्हणून तीन बुजुर्ग गवयांना घरी भरीत-भाकरी खायला बोलावलं. भरीत अप्रतिम झालं होतं, यावर तिघांचं एकमत झालं. राग ऐकल्यावर मात्र तिघांनी तीन वेगवेगळ्या जुन्या रागांची नावं सांगितली आणि हात धुवायला उठले.

डॉक्टर पडलेल्या चेहऱ्यानं बसलेले. मालतीवहिनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, स्वतः बालरोगतज्ज्ञ. ताटं उचलता उचलता म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नकोस. पेशंट नवा, आजार जुना. होतं असं!"

*

सावद्याचे एक केळीचे व्यापारी, सगळे त्यांना शेठच म्हणतात. डॉक्टरांनी त्यांची शुगर ताब्यात आणली होती. शेठनी केळी पिकवायचं नवीन वातानुकूलित चेंबर बांधलं आणि उद्घाटनाला डॉक्टरांना खास बंदिश करायला सांगितलं. "आपल्या केळीवर पाहिजे, डॉक्टरसाहेब. एकदम क्लासिकल!"

डॉक्टरांनी महिनाभर घाम गाळला. उद्घाटनाला चेंबरच्या दारात सतरंजी घातली, पावणेदोनशे क्रेट मागे रचलेले, आणि आम्ही अर्धा तास विलंबित गायलं-वाजवलं. बंदिशीत भूमी होती, मेघ होता, हरित वसन होतं. शेठ शेवटपर्यंत हात जोडून बसले. मग हळूच माझ्या कानाशी लागले, "भाऊ, यात केळी कुठे आली?"

मी प्रश्न पुढे सरकवला. डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "अवरोहात. आरोहात घड लागतो, अवरोहात पिकतो."

शेठनी मान डोलावली आणि मॅनेजरला म्हणाले, "पुढच्या वेळी बँड सांग!"

*

धुळ्यात डॉक्टरांचं मोठं नाव आहे. तिथले डॉक्टर लोक म्हणतात, "श्रीकांत? गाणं फार सुंदर करतो!" आणि तिथले गाणारे म्हणतात, "श्रीकांत? औषध फार चांगलं देतो!"

तर त्या धुळ्यात एकदा पूर्ण कार्यक्रम फक्त डॉक्टरांच्या रचनांचा झाला. हॉल तीन-चतुर्थांश भरलेला. डॉक्टर जिवाच्या कराराने गायले. मध्येच अंतरा विसरले, मी त्यांचाच कागद पुढे धरला, तर तो त्यांना वाचता येईना. कुजबुजले, "भाऊ, इथे 'पिया' लिहिलंय की 'पॅरा'?" वीस वर्षं त्यांच्या चिठ्ठ्या वाचल्याच्या अनुभवावर मी, पॅरासिटामॉल सोडून, 'पिया' सांगितलं आणि वेळ निभावली.

कार्यक्रम संपला आणि पडद्यामागे ही रांग! चांगली तीस-पस्तीस माणसं. डॉक्टरांचे डोळे भरून आले. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, मला म्हणाले, "बघ. रसिक अजून आहेत."

रांगेतल्या पहिल्या काकांनी पिशवीतून फाइल काढली. "गाणं झकास हो! हा जरा शुगरचा रिपोर्ट बघता का? आणि मागे सगळे आमच्याच कॉलनीतले आहेत!"

डॉक्टरांनी पस्तीसच्या पस्तीस रिपोर्ट बघितले. पेन उघडलेलंच होतं, वाया गेलं नाही.

*

आता विलासरावांचं सांगतो. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आमचे तबलजी. दर शनिवारी सकाळी डॉक्टरांच्या हॉलमध्ये आमची बैठक. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून विलासरावांची लय ढिली पडायला लागली. बोल आळसावले. डॉक्टर चिडायचे. "विलासराव, विलंबित म्हणालोय, विश्रांती नाही!" "झोप झाली नसेल तर घरी जा!" विलासराव गोरेमोरे व्हायचे, सॉरी म्हणायचे आणि पुन्हा मागे राहायचे. एका शनिवारी तर म्हणाले, "डॉक्टर, दुसरा कुणी बघा. माझ्या हातातलं गेलं आता." डॉक्टरांनी त्यावर 'नाही' म्हटलं नाही. मला ते आवडलं नाही.

तेवढ्यात मालतीवहिनी चहा घेऊन आल्या. विलासरावांकडे बघून तिथेच उभ्या राहिल्या. ट्रे खाली ठेवला.

"श्रीकांत, महिना कुठला?"

"मे. का?"

"मे महिन्यात, जळगावात, हा माणूस स्वेटर घालून बसलाय. चेहरा सुजलाय, आवाज बसलाय. आणि तू एम.डी. मेडिसिन, दोन महिने तीन फुटांवरून त्यांची लय बघतोयस?"

त्याच दिवशी रक्त तपासलं. थायरॉइड पार तळाला गेलेलं.

रिपोर्ट घेऊन डॉक्टर स्वतः विलासरावांच्या घरी गेले. मी बरोबर होतो. रिपोर्ट त्यांनी विलासरावांच्या हातात ठेवला. आणि एवढंच म्हणाले, "तुमचा हात गेलेला नाही. माझा कान गेला होता." विलासरावांनी डोळे पुसले, मग वहिनींना फोन लावून पाच मिनिटं त्यांचेच आभार मानले!

तीन महिन्यांत गोळीने काम केलं. विलासराव असे काही खुलले की द्रुत सुरू झालं की आम्ही मागे आणि ते पुढे. परवा पेटीआडून डॉक्टर हळूच म्हणाले, "भाऊ, यांचा डोस जरा कमी करू या का?"

*

आणि हा शेवटचा.

जामनेरच्या मनोरमाबाई. शाळेत गाणं शिकवायच्या, डॉक्टरांच्या पहिल्या गुरू. वय ऐंशीच्या पुढे. डॉक्टरांच्या एकाही रचनेला त्यांनी आजवर "बरी आहे" म्हटलं नव्हतं. न्यूमोनिया होऊन त्या आमच्याकडे दाखल झाल्या. तीन दिवस शुद्ध नाही. पुण्याहून मुलगी निघाली होती.

चौथ्या दिवशी दुपारी डॉक्टर त्यांच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. द्यायचं ते सगळं औषध देऊन झालं होतं. मग दबक्या आवाजात आपली नवीन बंदिश म्हणायला लागले. सिस्टरला वाटलं, साहेब खचले.

मी खाली दुकानात होतो. जिन्यावरून धाडधाड आवाज आला आणि डॉक्टर चार गिऱ्हाइकांना बाजूला सारत काउंटरवर आदळले. रडत होते.

"भाऊ, बाई बोलल्या! मास्क बाजूला करून बोलल्या!"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, श्रीकांत, तुझा निषाद उतरतोय!"

"मग?"

"मग काय! सूर उतरतच होता!"

त्याच आनंदात वर जाऊन त्यांनी केसपेपरवर नोंद केली: 'रुग्ण शुद्धीवर. निषाद उतरलेला.' आणि सही ठोकून वहिनींना सांगायला घरी पळाले.

संध्याकाळी मी इंजेक्शनं पोचवायला वर गेलो. ड्युटीवर नवीन डॉक्टर होते, त्याच आठवड्यात रुजू झालेले, अतिशय काळजीपूर्वक काम करणारे. केसपेपर टेबलावर उघडाच होता. श्रीकांत डॉक्टरांच्या नोंदीखाली या नव्या डॉक्टरांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

'निषाद दर चार तासांनी तपासावा. आणखी उतरल्यास ताबडतोब कळवावे.'