बटणावर बांधलेली ट्यूबची पट्टी

मोठा भाऊ गेल्या वर्षी पवनीच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला. शुगर एकाएकी कमी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गडी गाडीसकट थेट धानाच्या बांधीतल्या चिखलात. हाडं शाबूत राहिली, पण वहिनीने गाडीची चाबी कपाटात टाकली. जन्मभर गाडी चालवलेला माणूस ऑटोच्या मागच्या सीटवर पिशवी धरून बसू लागला. मला ते पाहवेना. शेवटी वहिनी एका अटीवर राजी झाली.

"भाऊजी, तुमी सोबत असान अन् चालत्या गाडीवर बोलता येईन असं कायतरी असन, तरच चाबी देईन. नाही जमलं तर गाडी इकूनच टाकीन."

म्हणजे भावाची गाडी राहणार की जाणार, हे माझ्या अकलेवर आलं. भ्यायला हवं होतं, मी फुगलो. पंधरा दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. हेल्मेटला लावायचा ब्लूटूथ संच सरळ होता, फोनसारखं दोघांनी एकाच वेळी बोलायचं, ऐकायचं. दुकानदारही तोच घ्या म्हणाला. पण मला बाजूला वॉकीटॉकी दिसला आणि माझी अक्कल चरायला गेली. काय रुबाब त्याचा! बटण दाबून बोलायचं, सोडलं की ऐकायचं. वर प्रत्येक वाक्याला 'ओव्हर' म्हणायला मिळतं ते वेगळंच. कानात घालायच्या वायरीसकट दोन घेतले.

ते दाखवून वहिनीकडून चाबी मिळवली. निघायच्या सकाळी लक्षात आलं, बोलायचं तर हँडलवरचा एक हात सुटतो. आपण काय जुगाडात कमी आहोत? सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि माझ्या सेटचं बटण दाबून करकचून बांधलं.

"हे कायले बांधून राहिला?" भावाने विचारलं.

"तुले नाही समजत त्यातलं," मी म्हणालो.

भंडाऱ्याहून सानगडीला निघालो. मी पुढे, भाऊ मागे. काय तोंड चाललं माझं! "समोर म्हशी आहेत, ओव्हर. डाव्या हाताले खड्डा, ओव्हर. पाह्य, कसा साफ आवाज येते, ओव्हर." भाऊ काही उत्तर देईना. मला वाटलं, कबूल करायला लाजतोय. लाखनी गेलं, साकोली गेली. आरशात एकदाही पाहिलं नाही. एवढी भारी सिस्टीम असताना आरशात कायले पाहायचं!

सानगडीच्या टपरीपाशी थांबून वळलो, तर मागे रस्ता रिकामा. खिशातल्या फोनवर भावाचे सहा कॉल येऊन गेलेले. गाडी फिरवली आणि वाटभर ओरडत सुटलो, "भाऊ, बोल ना रे, कुठं आहेस?" पट्टी तशीच बांधलेली. माझ्यासारखा बैताड शोधून सापडायचा नाही.

चारेक किलोमीटर मागे एका घरासमोर तो खाटेवर बसलेला दिसला. घरच्या बाईने दिलेला गूळ चघळत होता. चेहरा पांढराफटक. चूक माझी असली की मी आधी चिडतो, तसा चिडलो.

"सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं ना. गरगरून राहिलं, थांब म्हटलं. चारदा म्हटलं." त्याने माझ्या छातीवरचा सेट ओढला आणि नखाने पट्टी उपसून काढली. "तुह्या म्हशीच सरत नव्हत्या."

मला रडूच आलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वहिनी.

"हो, बरा आहो. मशीन? चांगली आहे. मी गाडी थांबवून खाली बसलो, तवाही याचा आवाज कानात येऊनच राहिला होता," असं म्हणून त्याने फोन माझ्या हातात दिला.

"भाऊजी, खरं सांगा," वहिनी म्हणाली.

"वैनी, मशीनचं काही नाही, मीच खराब आहो," मी म्हणालो. "त्याले बोलूच नाही दिलं. त्याची चाबी नका काढून घेऊ, मी दुसरा संच आणतो."

"संच येईपर्यंत चाबी माह्यापाशी," वहिनी म्हणाली आणि पुढे बरंच सुनावत राहिली. फोन कानाला लावून मी या वेळी नुसतं ऐकलं.