उस्ताद आणि कोंडलेला वारा

देशाच्या औद्योगिक उभारणीचा इतिहास कधी नीट लिहिला गेलाच, तर त्यात आमच्या उस्तादांना एक प्रकरण द्यावं लागेल, असं माझं जुनं मत आहे. मात्र ते प्रकरण अपानवायूपासून सुरू करावं लागेल आणि बहुधा म्हणूनच ते अजून कुणी लिहिलेलं नाही.

कासारवाडीच्या रेल्वे फाटकाजवळ उस्तादांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मोठ्या लढाईच्या काळात ते लष्करी डेपोत ट्रक दुरुस्त करायला शिकले होते. जगातले सगळे आजार कोंडलेल्या वाऱ्यातून होतात, हा त्यांचा सिद्धांत. माझी पाठ दुखो, ट्रक तापो, की दिल्लीत मंत्री भांडोत, उस्ताद हुक्क्याची नळी तोंडातून काढून म्हणत, "वारा कोंडलाय. वाट द्या त्याला." बाकीचा देश त्या काळात पंचवार्षिक योजनेवर विश्वास ठेवून होता.

मी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात कारकून होतो. तिथं गाड्यांच्या विभागात मिस्त्री हवा होता आणि इकडं रस्ता रुंद होणार असल्यानं उस्तादांचं गॅरेज जाणार होतं. त्यांचा अर्ज मीच लिहिला. अडचण एकच, त्यांच्याकडे दाखला नव्हता. "हात दाखवू का साहेबाला?" त्यांनी विचारलं. हात फाइलला लावता येत नाहीत, असं मी सांगितलं. कुणा प्रतिष्ठित गृहस्थाचं पत्र चालणार होतं आणि आमच्या भागात प्रतिष्ठित गृहस्थ एकच होते.

त्यांना सगळे सरकार म्हणत. इनाम गेलं होतं, हाक राहिली होती. मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाची शर्यतीची गाडी त्यांनी घेतली होती आणि लढाईनंतर ओसाड पडलेल्या एका धावपट्टीवर शर्यती होत, तिथं ते ती पळवत. पळवत म्हणजे निम्म्या शर्यतीपर्यंत. मग इंजिनातलं तेल मागच्या बाजूनं क्लचवर गळे, क्लच घसरे आणि सरकार बैलजोडीमागून परत येत.

"या खेपेस गाडी शेवटपर्यंत गेली, तर पत्र देऊ," ते उस्तादांना म्हणाले. "नाही गेली, तर तोंड दाखवू नका."

उस्तादांनी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या पोटातला वारा बाहेर सोडणारी एक बोटभर नळी होती आणि तिला बूच ठोकलेलं होतं. नळीतून तेलकट धूर येऊन पांढरी विजार डागाळते, म्हणून सरकारांनीच ते ठोकून घेतलं होतं.

"सरकार, पिस्टनच्या कड्यांतनं थोडा वारा खाली पोटात उतरतोच," उस्ताद म्हणाले. "दार बंद केलं, की त्यो तेलाला ढकलत भिंत फोडून जातोय. तुमच्याच पोटाला बूच मारलं, तर तुमी कसं ऱ्हाल?"

त्या घराण्यात असा प्रश्न पूर्वी कुणी विचारला नसावा. सरकारांनी विजार सावरली आणि बूच काढायला मानेनंच परवानगी दिली.

नुसतं बूच काढून भागणार नव्हतं. नळी अरुंद होती आणि वाऱ्याबरोबर तेलही उडे. उस्तादांनी जाड नळी बसवली आणि तिच्या टोकाला तेल जमा करायला तुपाचा रिकामा डबा लावला. इथवर ठीक होतं. पण जन्मभर हुक्का ओढणाऱ्या माणसानं त्या डब्याचाही हुक्काच केला. तळाशी तेल ओतलं आणि नळीचं तोंड त्यात बुडवलं. मोशीच्या रस्त्यावर गाडी काढली, तर पूर्वीपेक्षा दुप्पट तेल गळलं.

उस्तादांनी दोन दिवस डबा चारदा खोलून पुन्हा बसवला. तिसऱ्या दिवशी हुक्का भरता भरता थांबले आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, हुक्का आपोआप गुडगुडतोय का? ओढणारा लागतोय. हितं ओढणारं कोन हाय?" त्यांनी नळी तेलातून वर घेतली, डब्यात लेथवरचा लोखंडी कीस भरला म्हणजे तेल त्याला चिकटून राहील आणि झाकणातून दुसरी नळी थेट कार्बोरेटरच्या, म्हणजे इंजिन जिथून हवा ओढतं त्या तोंडाशी नेली. आता इंजिन स्वतःचा वारा स्वतःच ओढणार होतं. उलटा जाळ आला तर अडावा, म्हणून मध्ये चहाच्या गाळणीची जाळी बसवली.

"काल डबा गेला, आज गाळणी," उस्तादांच्या पत्नी, म्हणजे आमच्या भाभी, म्हणाल्या. "उद्या मलाच बसवा की गाडीत."

"तू मावणार न्हाईस," उस्ताद म्हणाले. चहा पुढं आठवडाभर चोथ्यासकट मिळाला.

शर्यतीच्या सकाळी सरकारांनी बॉनेटखाली पाहिलं. "आमच्या गाडीत तुपाचा डबा? पाहुणे बघतील. अर्ध्या तासात काढा, नाहीतर पत्र विसरा."

उस्ताद माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. "डबा काढला तर गाडी जात न्हाई. ठिवला तर पत्र जातंय." मग त्यांनी पाहुण्यांच्या तंबूकडे पाहिलं. "वारा कुठं कोंडलाय ते कळलं." हत्यारांच्या पेटीतून त्यांनी भंगारातली एक पितळी पाटी काढली. कुण्या गोऱ्याच्या पाडलेल्या बंगल्यातली. मी ती वाचून तिचा अर्थ सांगितला.

"इंग्लिश हाय न्हवं? मग झालं."

दोन स्क्रूंनी पाटी डब्यावर ठोकून ते सरकारांसमोर उभे राहिले. "डबा काढला, सरकार. विलायती यंत्र बसवलंय."

सरकारांना चष्मा होता, पण चारचौघांत तो लावणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांनी लांबूनच इंग्रजी अक्षरं पाहिली. "हे आधी का नाही बसवलंत?" म्हणाले आणि पाहुण्यांना बोलावून दाखवलं.

पाच गाड्यांत सरकार तिसरे आले. क्लच कोरडा होता. पत्र मिळालं. 'विलायती यंत्रे बिनचूक बसविणारा इसम' असं त्यात लिहिलं होतं. ते मीच फाइलला लावलं आणि त्या बळावर उस्तादांनी कारखान्यात निवृत्तीपर्यंत नोकरी केली.

त्यांच्या मयतीला आम्ही बरेच जण होतो. हल्ली कुठं काही अडलं, की मी आधी वाट कुठं बुजली आहे ते बघतो. बहुतेक वेळा तिथं कुणाची तरी पांढरी विजार आडवी आलेली असते.

ती गाडी आता सरकारांच्या नातवाच्या हॉटेलात काचेआड उभी आहे. डबा जागेवर आहे आणि पाटी रोज घासून लख्ख ठेवतात. संडासाच्या टाकीची साखळी एकदाच ओढावी, अशी सूचना तिच्यावर आहे.